सबाल्टर्न : कोणाच्या खाली?

मोखाड्याहून जव्हारला शिकायला येणाऱ्या एका कातकरी मुलाने मला विचारले, “सर, सबाल्टर्न म्हणजे आम्हीच ना? मग घरी आजीला हे कसे सांगू?” मला उत्तर देता आले नाही. म्हणून हे टिपण.

शब्दाचे कूळ लॅटिन. ‘सब’ म्हणजे खाली; ‘आल्टर्नुस’ म्हणजे आळीपाळीचा. इंग्रजांच्या फौजेत कॅप्टनच्या खालचा अधिकारी तो सबाल्टर्न. त्याला हुद्दा होता, पगार होता, बढतीची पाळी होती आणि त्याच्याही खाली हुकूम झेलणारे शिपाई होते. मुसोलिनीच्या तुरुंगात १९२९ ते १९३५ या काळात लिहिलेल्या वह्यांत ग्रामचीने तो शब्द सत्तेबाहेरच्या वर्गांना लावला. १९८२ पासून रणजित गुहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नावाच्या ग्रंथमालेतून शेतकरी-आदिवासींच्या बंडांना इतिहासात कर्तेपण दिले. हे ऋण मी नाकारत नाही.

माझे भांडण आपल्या समीक्षेशी आहे. आदिवासीची कविता हाती आली की तिच्यावर हा शिक्का मारायचा आणि मोकळे व्हायचे! हा शब्द जागा सांगतो, त्या जागी ढकलणारा सांगत नाही. ‘दलित’ म्हटले की दळणारा आलाच. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले. त्यात बहिष्कार घालणाराही उभा आहे. ठाणे जिल्ह्यातील ‘लग्नगडी’ हा शब्द तर अख्खा दस्तऐवज आहे : लग्नासाठी सावकाराचे कर्ज आणि फेडीसाठी जन्माची गुलामी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गेली म्हणतात. मोखाड्याचा मजूर मात्र आजही ‘उचल’ घेऊन वीटभट्टीवर जातो. शब्दाचा अर्थ वर उचलणे. घेणारा मात्र खाली बसतो!

शिवाय खालचे सगळे एकाच पातळीवर नाहीत. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळी. १९४८ साली विलीन होईपर्यंत संस्थान त्यांचे होते. आदिवासी राजाच्या त्याच मुलखात कातकरी पायरीच्याही खाली राहिला. एका विलायती शब्दात राजा आणि कातकरी दोघे कोंबले, तर लाभ कोणाचा?

हाच प्रश्न मी आपल्यालाही विचारतो. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने अनुसूचित जमातींनाही ‘दलित’ म्हटले. ती हाक प्रामाणिक होती. पण ते नाव आपले मानणारे आदिवासी किती? आपण तरी त्यांना कधी विचारले?

त्या मुलाला आता मी सांगेन : आजीला सबाल्टर्न सांगू नकोस. उचल कोणी दिली, हिशेब कोणी लिहिला, अंगठा कोणी घेतला, हे तिलाच विचार आणि तिच्या बोलीत लिहून काढ. समीक्षेने नाव मागून शोधावे.