बीजशब्दांची दडलेली यादी आणि मराठी मजकूर

संकेतस्थळाच्या सांकेतिक शीर्षभागात दडविलेल्या बीजशब्दांच्या यादीला क्रमवारीत स्थान नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. स्वतःविषयी स्वतःच दिलेली साक्ष शोधयंत्राने अग्राह्य मानावी, हे रास्तच होय. मराठीची अडचण मात्र निराळी होती. युनिकोडपूर्व टंकांत पडद्यावर ‘नागपूर’ उमटे, पण यंत्राला तेथे रोमन चिन्हांची अर्थहीन जुळणीच दिसे. पानाची वाचनीय ओळख त्या रोमन यादीपुरतीच उरे. युनिकोडने ही गरज संपविली. तरीही जुन्या टंकांतील शोधनिबंध जसेच्या तसे चढवून, सोबत बीजशब्द जोडले म्हणजे ते सापडतील, ही महाविद्यालयीन नियतकालिकांची अपेक्षा फोल ठरते. मजकूर, निदान सारांश तरी, युनिकोडमध्ये पानावर दृश्य हवा. ‘संत्रे’ लिहावे की वैदर्भी ‘संत्रा’, हा प्रश्न त्यानंतरचा.