कड्या आणि पत्रे : मद्रासहून गेलेल्या एका चिलखताच्या निमित्ताने

मध्ययुगीन युद्धसाहित्यावरची पाठ्यपुस्तके चिलखताचा इतिहास बहुधा जिन्याच्या पायऱ्यांसारखा सांगतात. आधी लोखंडी कड्यांचे चिलखत, मग दोहोंचे मिश्रण आणि शेवटी पंधराव्या शतकातले संपूर्ण पोलादी पत्र्याचे. परीक्षेला हा जिना सोयीचा आहे, पण प्रत्यक्ष वस्तूंशी तो जुळत नाही. शिवाय कड्या आणि पत्रे एकत्र गुंफलेली भारतीय चिलखते त्यात 'अर्ध्या वाटेवर थांबलेली' ठरतात. हा निवाडा तपासायला हवा.

आधी युरोप पाहू. पायापर्यंत पोलादात मढलेला पंधराव्या शतकातला सरदारसुद्धा काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला आणि जांघेत कड्यांचेच तुकडे वापरी. ते आतल्या जाड सदऱ्याला बांधलेले किंवा शिवलेले असत. पत्र्यावरून भाल्याचे टोक घसरते आणि घाव पसरतो, पण पत्रा वाकत नाही. कड्यांचे जाळे अंगाबरोबर वळते, तलवारीची धार अडवते. गदेचा मार मात्र हाडापर्यंत पोचू देते. म्हणजे दोघांची कामेच वेगळी. एकाने दुसऱ्याला हटवले असे म्हणणे ढोबळ आहे.

आता मद्रास. एडवर्ड क्लाइव्ह १७९८ ते १८०३ या काळात तेथे गव्हर्नर होता. त्याची पत्नी हेन्रिएटा हिने भारतात हत्तीचे एक चिलखत मिळवले. १८०१ मध्ये ते इंग्लंडला पोचले. आज ते लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. ते १६०० च्या सुमारास उत्तर भारतात घडवले गेले असे मानतात. मूळच्या आठ भागांपैकी सहा उरले आहेत, पत्रे ५,८४० आणि वजन सुमारे ११८ किलो.

युरोपीय सरदाराच्या अंगावर कड्या आणि पत्रे एकावर एक थरांनी येत. येथे मात्र लहान लहान पत्रे कड्यांनीच एकमेकांना जोडून एकच पोलादी वस्त्र केले आहे. चालताना हत्तीचे खांदे सतत हलतात. सलग ताठ पत्रा तेथे टिकणार कसा? कारागिराने पूर्ण पत्र्याकडे जाण्याचा प्रयत्न अर्धवट सोडलेला नाही, त्याच्यापुढचा प्रश्नच निराळा होता.

या उपायाला मर्यादाही आहे, ती लपवू नये. सलग घुमटाकार छातीपत्र्यावर जसा घाव घसरतो, तसा हजारो लहान पत्र्यांवर घसरत नाही.

मराठी विद्यार्थ्यासाठी एक गोष्ट सांगतो. 'जिरेटोप' यातले 'जिरे' मसाल्यातले नव्हे. ते फारसी 'झिरह', म्हणजे कड्यांचे चिलखत. १६५९ मध्ये अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातल्याचे परंपरा सांगते. अंगाशी बसणारे कड्यांचे जाळे कापडाखाली झाकून जाते. फुगीर छातीपत्रा घातला असता, तर तो शामियान्याच्या दारातच दिसला असता.