चित्राखालचे नाव

पावसाळा सरता सरता मावळातील एका कॅमेरा क्लबाचे छायाचित्र-प्रदर्शन पाहण्याचा योग आला. क्लबाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. कारण मला जे म्हणावयाचे आहे ते त्या एका क्लबापुरते नाही. ज्या दोषाविषयी लिहीत आहे, तो माझ्या स्वतःच्या घरातील अल्बममध्येही आहे.

चाळीसएक छायाचित्रे मांडली होती. लोहगडाचा विंचूकाटा ढगांतून वर आलेला, राजमाचीच्या वाटेवरचे ओले कातळ, कार्ल्याच्या चैत्यगृहात उतरलेली सकाळची तिरीप, पवनेच्या पाण्यात उलटे उभे राहिलेले तुंग आणि तिकोना, आणि लावणीच्या दिवसांतील भातखाचरे. प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी होती. तीवर छायाचित्रकाराचे नाव, चित्राचे शीर्षक, कॅमेऱ्याचा प्रकार, भिंगाचे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओचा आकडा अशी माहिती नेटकेपणाने छापलेली होती.

प्रथम गुणांविषयी. या मंडळींनी नवशिक्यांसाठी काढलेले सूचनांचे पत्रक उत्तम आहे आणि ते याच मातीतून आलेले आहे. धुक्याविषयीची त्यातील सूचना पाहा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालतो. म्हणून पांढरे धुके त्याला अति उजळ वाटते व तो चित्र काळवंडून टाकतो. अशा वेळी त्याचे न ऐकता एक पायरी अधिक प्रकाश द्यावा, म्हणजे धुके धुक्यासारखे दिसते. गार केलेल्या मोटारीतून उतरून दमट हवेत आले की भिंगावर वाफ धरते. तेव्हा कॅमेरा काही वेळ पिशवीतच राहू द्यावा. लेण्यात तिपाई लावावयाची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी. आणि या साऱ्यांच्या आधी, पहिल्याच ओळीत, वाहत्या पाण्यात व कड्याच्या टोकावर उभे राहून चित्र काढू नये असे बजावले आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ज्यांनी ती बातमी ऐकली, त्यांना या ओळीचे मोल सांगावयास नको.

माझी अडचण पत्रकातील एका निरुपद्रवी वाटणाऱ्या वाक्यापाशी सुरू होते. 'चौकट स्वच्छ ठेवा,' असे ते वाक्य आहे. विजेच्या तारा, पत्र्याची शेड, वाळत घातलेले धुणे, आडवा येणारा माणूस यांना टाळा, किंवा नंतर संगणकावर पुसून काढा. निसर्गचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही जवळपास असाच दंडक आहे: त्या विभागात मानवी हाताची खूण सहसा चालत नाही. अरण्यातील पक्ष्याच्या चित्राला हा नियम शोभतो. मावळाला तो कसा लावणार? इथल्या खाचराचा प्रत्येक बांध कोणाच्या तरी आज्याने घातलेला आहे. गड माणसांनी बांधले, लेणी माणसांनी खोदली. पवनेचे ते आरशासारखे पाणी हा धरणाचा जलाशय आहे आणि त्याच्या तळाशी शेतकऱ्यांच्या जमिनी आहेत. चित्राचे शीर्षक 'अस्पर्श' असे होते. शब्द सुंदर आहे. पण त्या ठिकाणी तो खरा नाही.

चौकटीतून माणूस पुसला नाही तरी तो निनावी होतोच. प्रदर्शनातील सर्वांत वाखाणले गेलेले चित्र लावणी करणाऱ्या एका बाईचे होते. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेला, कंबर वाकलेली, हातात रोपांची मूठ, पाण्यात पडलेले आभाळ. रचना निर्दोष आहे. बाई चौकटीच्या एक तृतीयांशावर अचूक आलेली आहे. शीर्षक 'श्रमाचे सौंदर्य'. खाली आकडे: एफ/८, १/२५०, आयएसओ ४००. डोंगराला नाव आहे. खाचरात लावतात त्या भातालाही नाव आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला 'इंद्रायणी' वाण आता महाराष्ट्रभर घरोघरी शिजतो. कॅमेऱ्याला तर नाव आहेच. नाव नाही ते फक्त त्या बाईला.

हे चित्र पाहून मी कार्ल्याच्या चित्रापाशी परतलो. चैत्यगृहाची लांबी सुमारे ३८ मीटर; छताला लाकडी फासळ्या, दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा. कमी उजेडातले हे चित्र छायाचित्रकाराने फार संयमाने काढले आहे. परंतु तेथे ब्राह्मी लिपीत कोरलेली अक्षरे चित्रात कोठेच नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या ओळींत दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तर तेथे आहेच; पण धेनुकाकट गावचे यवन आहेत, सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त आहे, आणि द्वार घडविणारा वेणुवासाचा पुत्र सामी नावाचा सुतार आहे. एका सुताराचे नाव दगडाने दोन हजार वर्षे जपले. संत योसेफाला मानणाऱ्या आपल्या समाजाला याचे अगत्य विशेष वाटावे.

याच घाटात नेमके उलटेही घडलेले आहे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला व त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम तडीस नेले. घाटातील बांधकामाची छायाचित्रेही तिने काढली. ती स्त्री धीराची होती यात शंका नाही. परंतु कामाच्या भराच्या काळात घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांपैकी कितीतरी पटकीने व अपघातांनी गेले. पूल आणि बोगदे चित्रांत राहिले, कंत्राटदारांची नावे ग्रंथांत राहिली. डोंगर फोडणारे हात कोणाचे होते हे आज कोणी सांगू शकणार नाही.

कोणी म्हणेल की नाव छापल्याने चित्र अधिक चांगले होत नाही, आणि पुष्कळांना आपले नाव छापून यावे असे वाटतही नाही. आक्षेप योग्य आहे. डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका स्थलांतरित मजूर आईचे चित्र काढले. ते जगभर गाजले. त्या बाईचे नाव मात्र लँगने विचारलेच नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ मध्ये, लँगच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. आणि तेव्हा तिने बोलून दाखविली ती खंत होती. आपले चित्र निघाले नसते तर बरे झाले असते, असे तिला वाटत होते. म्हणून माझा आग्रह नाव छापण्याचा नाही, विचारण्याचा आहे. विचारण्यासाठी बांधावरून खाली उतरावे लागते, दोन शब्द बोलावे लागतात, आणि समोरच्याला 'नको' म्हणण्याची मुभा मिळते. लहान मुलांच्या बाबतीत ही मुभा आईवडिलांची आहे. चित्र आणि शिकार यांतला फरक येथेच पडतो.

या कामी आपल्याच एका धर्मगुरूचा कित्ता डोळ्यांपुढे आहे. येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी वर्षानुवर्षे खंडाळ्याचे डोंगर पायी पालथे घातले व येथील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ गवताचे एक पाते वाळवून कागदावर चिकटवतो तेव्हा त्याच्या कोपऱ्यात नाव, ठिकाण आणि तारीख लिहितो; त्यावाचून तो नमुना निरुपयोगी ठरतो. गवताच्या पात्याला आपण जो मान देतो, तो लावणी करणाऱ्या बाईला देऊ नये काय? उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आता घरच्या दोषाविषयी. आमच्या पेटीत आजी-आजोबांच्या लग्नाचे एक छायाचित्र आहे. मागच्या रांगेतील चौघे कोण, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. कितीतरी धर्मग्रामांच्या सभागृहांत प्रथम ख्रिस्तप्रसादाची जुनी समूहचित्रे अशीच मुकी टांगलेली असतील. पूर्वी निदान चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिता येई. आज मोबाइलमध्ये हजारो चित्रे साठतात आणि त्यांना पाठच नसते. कॅमेरा क्लबांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या सहलींपैकी एक सहल धर्मग्रामाकडे वळवावी. वृद्धांना बसवून जुनी चित्रे दाखवावीत, ती स्कॅन करावीत, त्यांनी सांगितलेली नावे त्याच फाइलमधील मजकुराच्या रकान्यात लिहावीत आणि दोन वेगळ्या जागी प्रती ठेवाव्यात. हे काम धुक्याची वाट पाहू शकते. ती माणसे वाट पाहू शकतील असे नाही.

प्रदर्शनातील एका चित्राचा उल्लेख राहिला. दाराजवळच्या कोपऱ्यात, एका शाळकरी मुलाने काढलेले ते होते. घाटात करवंदे विकणारी एक म्हातारी. आभाळ जळून पांढरे झालेले, टोपलीची कड चौकटीबाहेर गेलेली. परीक्षकांनी त्याची दखल घेतली नव्हती, आणि तंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण चिठ्ठीवर आकड्यांच्या जागी त्या म्हातारीचे नाव आणि गाव होते, आणि खाली मुलाने लिहिले होते की तिला एक प्रत नेऊन दिली. ते नाव मी येथे देत नाही. तिने ते त्या मुलाला सांगितले होते, मला नव्हे.