सुप्पांडीचा धनी

कार्कळच्या अनंत पै यांनी १९८० साली सुरू केलेल्या ‘टिंकल’मध्ये १९८३ पासून वावरणारा, राम वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरलेला भोळा गडी सुप्पांडी आमच्या बेळगावच्या घरी पुष्कळांना हसवून गेला. परवा जुने अंक चाळताना मात्र तेच हसू आम्हांस टोचले. धन्याची आज्ञा तो शब्दशः पाळतो आणि वारंवार नोकरीस मुकतो. आज्ञाच अर्धवट होती, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नव्हते. गड्यास ‘अरे’ म्हणून हाक मारणेही कुणास खटकत नसे! वाईरकरांची रेषा, आमच्या मते, धन्याच्या पक्षाची नाही: सुप्पांडीची मुद्रा निर्मळ, आठ्या धन्याच्याच कपाळी. म्हणून अंक आम्ही नातीच्या हाती दिलेच. तिने वाचून विचारले, “आजोबा, धन्यानं नीट का नाही सांगितलं?”