देह न सापडणे : सेंतेक्झुपेरीच्या दोन पुस्तकांविषयी

आंत्वान द सेंतेक्झुपेरी या फ्रेंच लेखकाचे ‘द लिट्ल प्रिन्स’ हे पुस्तक १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिका बेटावरून लष्करी टेहळणीसाठी निघालेले त्याचे विमान परतले नाही. त्या वेळी तो ४४ वर्षांचा होता. कथेतील राजपुत्र सर्पदंशानंतर वाळवंटात कोसळतो. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्याचा देह दिसत नाही, आणि त्यावरूनच निवेदक मानतो की तो आपल्या ग्रहावर परतला. लेखकही असाच आभाळात विरून गेला, अशी मोहक आख्यायिका यातून जन्मास आली. ती लेखकावर अन्याय करणारी आहे, असे मला वाटते.

याचा पुरावा लेखकाच्याच ‘विंड, सँड अँड स्टार्स’ या १९३९ सालच्या पुस्तकात आहे. त्याचा वैमानिक मित्र आंरी गियोमे १९३० साली आंडीज पर्वतात कोसळला आणि बर्फातून पाच दिवस चालत राहिला. एका क्षणी तो हरला व पडून राहिला. मग त्याला पत्नी आठवली. देह सापडला नाही, तर कायदा चार वर्षे मृत्यू मानणार नाही आणि तिला विम्याचे पैसे मिळणार नाहीत. निदान समोरच्या खडकापर्यंत पोचावे, म्हणजे उन्हाळ्यात देह तरी सापडेल, म्हणून तो उठला. न सापडलेला देह म्हणजे घरच्यांवरचे ओझे, हे इतक्या साधेपणाने सांगणारा लेखक बेपत्ता होण्याचे काव्य कसे करील? हाच गियोमे २७ नोव्हेंबर १९४० रोजी सहकाऱ्यांसह भूमध्य समुद्रावर मारला गेला. समुद्रात तसा खडक नसतो.

ही दृष्टी ठेवून राजपुत्राची कथा पुन्हा वाचावी. निवेदकाचे समाधान डळमळीत आहे. मेंढीच्या मुसक्याला पट्टा काढायचा राहून गेला, ही चिंता त्याला सोडत नाही. फूल सुरक्षित असेल काय, हे तो सहा वर्षांनंतरही स्वतःला विचारतो. शेवटी तो वाचकांना विनवतो, की राजपुत्र कोठे भेटलाच तर मला कळवा. ज्या घरातला माणूस परतलेला नाही, त्या घराची ही विनवणी आहे. म्हणून हे पुस्तक मला अदृश्य होण्याचे न वाटता वाट पाहण्याचे वाटते.

१९९८ साली मार्सेयजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात सेंतेक्झुपेरीचे मनगटी कडे आले. त्यावर त्याच्या नावासोबत पत्नी कॉन्सुएलो हिचेही नाव होते. २००० साली समुद्रतळाशी विमानाचे अवशेष आढळले व २००४ साली त्यांची ओळख पटली. रम्य गूढ संपले, अशी हळहळ काहींना वाटली. परंतु त्याची आई १९७२ साली व पत्नी १९७९ साली निवर्तली होती. त्या दोघींना ते गूढ रम्य वाटले असेल काय?

मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणले आहे. जिथे मूठमातीच शक्य नाही, तिथे निदान त्या मृत्यूला मृत्यू म्हणावे आणि मागे राहिलेल्यांच्या दुःखाचे परीकथेत रूपांतर करू नये. एवढे पथ्य समीक्षेनेही पाळावे.