‘मारले’ आणि ‘जिवावर उठला’ : फिर्यादीच्या भाषेविषयी एक टिपण

घरातील अमानुष मारझोडीबद्दल खुनाच्या प्रयत्नाचा आरोप ठेवावा काय, हा प्रश्न सामान्यतः विधिज्ञांचा समजला जातो. परंतु कलम लागण्यापूर्वी फिर्याद लिहिली जाते. यास्तव भाषेच्या अभ्यासकानेही त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

मराठीतील ‘मारणे’ हे क्रियापद द्व्यर्थी आहे. ‘त्याने बायकोला मारले’ येथे प्रहाराचा बोध होतो, ‘वाघ मारला’ येथे प्राणहरणाचा. ही संदिग्धता टाळण्यासाठी ‘ठार मारणे’, ‘मारून टाकणे’ हे प्रयोग रूढ झाले. जीव गेला नाही, पण तो घेण्याचा यत्न झाला, ही मधली अवस्था सांगताना माळशिरसची बाई ‘नवरा माझ्या जिवावर उठला’ असे म्हणते. या वाक्प्रचारात जखमेचा उल्लेख नाही. त्याचा सारा भर हेतूवर आहे. फिर्यादीत त्याच वाक्याचे ‘मारहाण केली’ असे रूपांतर झाले, तर हेतू गळतो आणि केवळ जखम उरते.

कायद्याची दृष्टी मात्र लोकभाषेच्या जवळची आहे. भारतीय दंड संहितेचे कलम 307, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 109, उद्देश किंवा जाणीव यांवर उभे आहे. जखम प्राणघातक असलीच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्याच्या एका अपिलात 1983 साली सांगितले. त्यापूर्वी 1961 साली, पंजाबातील एका पतीने पत्नीला उपाशी ठेवून तिचा अंत घडवू पाहिला, तेव्हा तोही खुनाचा प्रयत्नच ठरला. तेथे शस्त्र नव्हते; हेतू होता. शिक्षेतील अंतरही लहान नाही : साध्या दुखापतीस कमाल एक वर्ष, पतीच्या क्रूरतेस तीन वर्षे, खुनाच्या प्रयत्नास दहा वर्षे, आणि त्यात दुखापत झाल्यास जन्मठेपेपर्यंत.

तथापि प्रत्येक मारहाणीस हे नाव द्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. ‘मारून टाकीन’ असे आईही लेकराला म्हणते. केवळ शब्द हा हेतूचा पुरावा नव्हे. शिवाय संज्ञा वाटेल तेथे वापरली की तिची धार जाते. खरी कसोटी गळा दाबण्यासारख्या कृत्यांत लागते. श्वास कोंडतो, जीव जाता जाता राहतो, आणि पुष्कळदा अंगावर वळही दिसत नाही. जखम मोजणाऱ्या भाषेत हे कृत्य ‘किरकोळ’ ठरण्याची भीती आहे. इंग्लंडमध्ये 2022 पासून गळा आवळणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे तशी स्वतंत्र संज्ञा नाही. म्हणून वर्णनावरचा भार अधिक.

फिर्यादीचा मजकूर तक्रारदारास वाचून दाखविण्याचे बंधन कायद्यातच आहे. ते केवळ उपचार म्हणून उरू नये. हात कोठे होता, किती वेळ होता, तो काय बोलत होता, पूर्वी असे कितीदा घडले, कोणी सोडविले, हे तिच्याच शब्दांत उतरले पाहिजे. पती हा शब्द हेतूचे परिमार्जन करीत नाही. परक्याने केले असता ज्यास आपण खुनाचा प्रयत्न म्हणू, त्यास घराच्या उंबऱ्याआत ‘मारहाण’ म्हणणे हा भाषेचा दोष नव्हे. तो भाषा वापरणाऱ्यांचा होय.