जवारी कोण लावणार?

गेल्या महिन्यात म्युझिक प्रॉडक्शन शिकवणाऱ्या एका वर्गाच्या समारोपाला जाऊन बसलो. अकरा मुलांनी आपापले ट्रॅक ऐकवले. आठांची सुरुवात तंबोऱ्याने, आणि तंबोरा एकच: कुठल्याशा सॅम्पल पॅकमधला, तिसऱ्या तारेनंतर दर खेपेला तीच किंचित खरखर येणारा. मग ड्रॉप. एकाला विचारलं, हा बेस कसा केलास? त्याने प्रीसेटचं नाव सांगितलं.

रोग तसा जुना आहे. जॉन चाऊनिंगला १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये एफएम सिंथेसिस सापडलं ते कानाने. व्हायब्राटोचा वेग वाढवत नेला आणि एका टप्प्यावर स्वराचा हेलकावा ऐकू येईनासा होऊन त्याचा पोतच बदलला. यामाहाने १९८३ मध्ये तेच तंत्र डीएक्स-७ सिंथेसायझरमध्ये घातलं, आणि बहुतेकांनी त्यावर कारखान्यातून आलेला इलेक्ट्रिक पियानोच वाजवला.

मला बोलायचंय ते चरणजित सिंग यांच्याबद्दल. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रातला हा वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडीला तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि शिकागोच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या हाऊस संगीताच्या तबकडीच्या पाच वर्षं आधी हे मुंबईत झालं म्हणून आपल्याकडे छाती फुगवणं सुरू झालं. पहिलं कोण, हा प्रश्न पेटंट कचेरीतला. ऐकायचं वेगळंच आहे. ३०३ बनवलं होतं एकट्या गिटारवाल्याला सरावात बेसची साथ मिळावी म्हणून, आणि बाजारात ते आपटलं. त्यात एक स्वर दुसऱ्यात सरकवायची सोय होती. शिकागोच्या पोरांनी फिल्टरचं बटण पिळून त्या सरकण्याला किंचाळायला लावलं. सिंग यांच्या तबकडीत त्याच सरकण्यात मला मींड ऐकू येते. ओबडधोबड मींड, कबूल. कणस्वर त्या यंत्राला झेपत नाहीत आणि काही जागी राग नुसता पलट्यांसारखा धावतो. पण यंत्राला काय येतं आणि काय येत नाही, हे हाताला कळलेल्या माणसाचं ते वाजवणं आहे.

अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई वगैरेंनी तिथे केलेलं काम २०२३ मध्ये तबकडीवर आलं. त्यात फसलेलं बरंच आहे. फसावंच लागे, प्रीसेट नव्हते.

मॉड्युलरच्या तारांचे फोटो टाकणारे? ते फर्निचर. शब्द टाइप करून गाणं मागणाऱ्यांबद्दल तेवढंही बोलवत नाही. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती हा पोलिसांचा विषय.

माझं म्हणणं एवढंच, की पहिले तीन महिने वर्गात सॅम्पलला बंदी घाला. व्हायटल, व्हीसीव्ही रॅक ही सिंथेसायझरची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्यात तंबोरा बनवा. करवती लाट घेऊन फिल्टर लावाल तर धड पेटीही होणार नाही. मग मिरजेला जा, जवारी काढणाऱ्या कारागिरासमोर बसा, घोडीवर सूत केसभर सरकलं की स्वर कसा उघडतो ते ऐका. तार जिथे छेडावी तिथल्या हिशोबाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं. आणि ते एकदम येत नाहीत, एकामागून एक वर येतात. एका एन्व्हलपने भागत नाही, हे मुलाला तिथे कळेल.

वर्गवाले म्हणतात, मुलांना जाहिरातींची कामं हवीत, तंबोरे बनवून पोट भरत नाही. अहो, मग जाहिरातवाला तोच पॅक स्वतः विकत घेईल, त्याला तुमचा मुलगा कशाला हवा? वर्ष-वर्ष षड्ज लावून घेणाऱ्या गुरूंचे गोडवे यांच्याच माहितीपत्रकात छापलेले असतात. इथला षड्ज म्हणजे एक ऑसिलेटर. तो लावून घ्या म्हटलं की उत्तर येतं, पोरं कंटाळतील. कंटाळू देत की!

त्या अकरांतल्या एका मुलीने तंबोरा घेतलाच नव्हता. जरा बेसूर लावलेल्या दोन साध्या लाटा एकमेकींवर घासून तिने एक गुरगुर उभी केली होती. ट्रॅक संपल्यावर म्हणाली, “सॉरी सर, माझ्याकडे लायब्ररी नव्हती.”